जुन्या घाटाच्या काडतुसी रायफलींची नेमबाजी : पहिल्या वर्षासाठी मार्गदर्शन

१८७३ मध्ये अमेरिकी लष्कराने आपल्या नव्या स्प्रिंगफील्ड रायफलीसाठी ४५-७० हे काडतूस स्वीकारले. यातला पहिला आकडा नळीचा व्यास इंचाच्या शंभराव्या भागांत सांगतो आणि दुसरा पितळी पुंगळीत भरायच्या काळ्या बंदुकदारूचे वजन ग्रेनमध्ये सांगतो. सत्तर ग्रेन म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम. या दारूपुढे आधी ४०५ आणि नंतर ५०० ग्रेनची, म्हणजे २६ ते ३२ ग्रॅम वजनाची, शिशाची गोळी बसवली जात असे. त्याच काळातल्या शार्प्स, रेमिंग्टन रोलिंग ब्लॉक आणि विंचेस्टर १८८५ या एकबारी रायफली आज नव्याने बनवल्या जातात, त्यांच्यासाठी गोळ्या घरी ओतल्या जातात, काडतुसे हाताने भरली जातात आणि अमेरिकेत त्यांचे नियमित सामने होतात. हा लेख त्या छंदात नव्याने उतरणाऱ्यांसाठी, विशेषतः अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी वाचकांसाठी आहे.

जुनी रायफल म्हणजे अंदाजे चालणारी रायफल, असा समज प्रथम बाजूला ठेवावा. सप्टेंबर १८७४ मध्ये न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरील क्रीडमूर येथे अमेरिकी आणि आयरिश संघांचा सामना ८००, ९०० आणि १००० यार्डांवर झाला. आयरिश नेमबाजांकडे ठासणीच्या रिग्बी रायफली होत्या आणि अमेरिकनांकडे मागून काडतूस घालण्याच्या रेमिंग्टन व शार्प्स. अमेरिकी संघ ९३४ विरुद्ध ९३१ असा तीन गुणांनी जिंकला. या रायफली तेव्हाही अचूक होत्या आणि आजही आहेत. मात्र काळी दारू जळते तेव्हा तिचा अर्ध्याहून अधिक भाग वायू न होता घनरूपात मागे राहतो, आणि त्यातील काही काजळीच्या रूपाने नळीत चिकटतो. ती काजळी प्रत्येक गोळीपूर्वी सारखीच राहील अशी व्यवस्था करणे, हेच या छंदाचे खरे कौशल्य आहे. रायफल, दारू, गोळी, वंगण यांबद्दल पुढे जे सांगितले आहे ते शेवटी याच एका गोष्टीपाशी येते, आणि नवशिक्याने पहिल्या वर्षी आपले लक्ष इथेच ठेवावे असे माझे ठाम मत आहे.

आधी कायदा

अमेरिकेतील मराठी माणसाने सर्वप्रथम आपला व्हिसा पाहावा. एच-१बी, एच-४, एफ-१ यांसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या व्यक्तीला केंद्रीय कायद्यानुसार बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगण्यास सर्वसाधारणपणे बंदी आहे. याला मोजके अपवाद आहेत आणि अमेरिकेतील एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना हा त्यांतील नेहमी लागू होणारा अपवाद आहे. रेंजवर भाड्याने घेतलेली किंवा मित्राची रायफल हाती घेणे हेही याच बंदीत मोडू शकते, त्यामुळे ‘मी विकत तर घेत नाही’ हा युक्तिवाद उपयोगाचा नाही. ग्रीन कार्डधारकांना ही बंदी लागू होत नाही, परंतु राज्याराज्यांचे नियम वेगळे असतात. आपल्या स्थितीबद्दल किंचितही शंका असेल तर वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण इथली चूक स्थलांतराच्या सगळ्या प्रक्रियेवर परिणाम करू शकते.

१८९८ पर्यंत बनलेल्या मूळ रायफलींना केंद्रीय कायदा पुराणवस्तू मानतो. त्यांच्या नव्या प्रतिकृती, ज्यांची काडतुसे आजही बाजारात मिळतात, त्या मात्र इतर कोणत्याही रायफलीप्रमाणे परवानाधारक विक्रेत्याकडून आणि पार्श्वभूमी-तपासणीनंतरच मिळतात.

भारतातील वाचकांनी हा लेख माहिती म्हणून वाचावा. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याविना बंदूक अथवा काडतूस बाळगणे हा गुन्हा आहे आणि काडतुसे तयार करण्यासही स्वतंत्र परवाना लागतो, त्यामुळे घरी काडतुसे भरण्याचा प्रयोग तेथे अजिबात करू नये. अमेरिकेतून सुटीत भारतात येणाऱ्यांनी रेंजवर नेलेली पिशवी किंवा जाकीट प्रवासाला वापरू नये. खिशात राहिलेले एखादे काडतूसही विमानतळावर पोलीस कारवाईला पुरेसे ठरते.

रायफल घेण्याआधी एक सामना पाहावा

या छंदाचा सर्वांत लोकप्रिय प्रकार म्हणजे धातूच्या प्राणी-आकृत्यांवरील नेमबाजी. तो मूळचा मेक्सिकोतला. काळ्या दारूच्या काडतुसी रायफलींसाठी त्याचे रूप अमेरिकेत १९८० च्या दशकात रुजले. कोंबडी २०० मीटरवर, डुक्कर ३०० वर, टर्की ३८५ वर आणि मेंढा ५०० मीटरवर उभा असतो. कोंबडीवर उभे राहून, कोणत्याही आधाराशिवाय गोळी चालवावी लागते. बाकीच्या तिन्हींसाठी बसून किंवा झोपून, नळी एकमेकींना छेद देऊन बांधलेल्या दोन काठ्यांवर टेकवता येते. आकृतीला गोळी लागून भागत नाही, ती खाली पडावी लागते. मेंढा वीस किलोहून जड असतो, आणि जड, संथ गोळीचे महत्त्व तिथे कळते. न्यू मेक्सिकोतील रॅटनजवळचे व्हिटिंग्टन सेंटर हे या प्रकाराचे मोठे केंद्र आहे, पण अनेक राज्यांतील स्थानिक क्लब महिन्यातून एखादा सामना भरवतात. याखेरीज कागदी लक्ष्यांवरचे मध्यम आणि दूर पल्ल्याचे सामनेही असतात, ज्यांत क्रीडमूरची ८००, ९०० आणि १००० यार्डांची परंपरा टिकून आहे.

अशा एखाद्या सामन्याला प्रेक्षक म्हणून जावे आणि शक्य झाल्यास एखाद्या स्पर्धकाचा निरीक्षक म्हणून दुर्बिणीमागे बसावे. प्रत्येक नेमबाजाला शेजारी निरीक्षक ठेवण्याची मुभा असते, कारण धुरामुळे गोळी कुठे लागली ते स्वतःला बहुधा दिसतच नाही. त्या खुर्चीवर एक दिवस काढला की कोणती रायफल कशी वागते, कोण किती वेळा नळी पुसतो, वारा फिरला की काय बोलले जाते, हे सगळे कानांवर पडते. या मंडळींमध्ये ज्येष्ठांची संख्या मोठी आहे आणि विचारणाऱ्याला ते मनापासून शिकवतात. कायद्याने आपल्याला मुभा असेल, तर अनेकजण स्वतःची रायफल चालवून पाहायलाही देतात.

कोणती रायफल, कोणते काडतूस

प्राणी-आकृतींच्या सामन्यासाठी रायफल एकबारी, बाहेर दिसणाऱ्या घोड्याची, त्या काळच्या अमेरिकी नमुन्याची आणि १२ पौंड २ औंसांहून, म्हणजे सुमारे साडेपाच किलोंहून, हलकी असावी लागते. शार्प्सचा १८७४ चा नमुना, रोलिंग ब्लॉक आणि विंचेस्टरचा उंच भिंतींचा १८८५ चा नमुना, या तिन्हींवर सामने जिंकले गेले आहेत. मोंटानातील बिग टिंबर या छोट्या गावात शायलो शार्प्स आणि सी. शार्प्स आर्म्स या दोन्ही कंपन्या आहेत. त्यांच्या रायफली उत्तम असतात, महाग असतात आणि मागणी नोंदवून त्यांच्यासाठी थांबावे लागते. इटलीतील गार्डोने व्हाल त्रोम्पिया येथील पेदेरसोली आणि उबेर्ती यांच्या प्रतिकृती तुलनेने स्वस्त पडतात. पेदेरसोलीची रायफल घेऊन सुरुवात करण्यात काही कमीपणा नाही. पहिल्या दोन वर्षांत चुकणाऱ्या गोळ्यांना नळी क्वचितच जबाबदार असते.

काडतूस मात्र ४५-७० च घ्यावे. शार्प्सच्या चाहत्यांना ४५-९०, ४५-११० आणि ५०-९० यांचे आकर्षण असते, आणि अमेरिकी बायसनांच्या शिकारीच्या कथांतून ते वाढते. टेक्सासमधील अडोबी वॉल्स येथे जून १८७४ मध्ये बिली डिक्सनने १५३८ यार्डांवरून गोळी मारल्याची नोंद सांगितली जाते, आणि अनेकजण त्या एका गोळीसाठी या छंदाकडे येतात. ती गोळी ज्या लढाईत सुटली ती कोमांची, शायन आणि कायोवा लोकांनी आपल्या अन्नाचा आधार असलेले बायसनांचे कळप शिकाऱ्यांनी संपवू नयेत म्हणून दिलेली लढाई होती, हेही ही रायफल हाती घेणाऱ्याने लक्षात ठेवावे. व्यवहारात लांब पुंगळी म्हणजे अधिक दारू, अधिक धक्का आणि अधिक काजळी. ४५-७० ची पुंगळी २.१ इंचांची आहे, ती सर्वत्र मिळते, आणि ५०० ते ५४० ग्रेनची गोळी ती सेकंदाला सुमारे ३६० मीटर वेगाने सोडते. मेंढा पाडायला एवढे पुरते. खांद्याला धक्का कमी हवा असेल तर ४०-६५ हा चांगला पर्याय आहे.

आपल्याकडे भारतात याच काळात स्नायडर आणि मार्टिनी-हेन्री या ब्रिटिश लष्करी रायफली आल्या. मार्टिनी ब्रिटिश सैन्याने १८७१ मध्ये स्वीकारली, आणि खडकीचा दारूगोळा कारखाना तर १८६९ चा. मार्टिनीच्या पाठीमागे जाणारेही पुष्कळ आहेत, परंतु तिच्या बाटलीच्या आकाराच्या पुंगळ्या मिळवणे आणि भरणे जिकिरीचे असल्याने ती दुसरी रायफल म्हणून ठीक आहे.

नळी ३० ते ३४ इंचांची आणि ४५ व्यासासाठी दर १८ इंचांत एक पूर्ण वळसा असणाऱ्या आट्यांची, म्हणजे आतल्या सर्पिल खाचांची, असावी. लांब, जड गोळीला हवेत स्थिर ठेवायला हा वळसा लागतो. खरेदी करताना आट्यांचा वळसा विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत, कारण काही जुन्या आणि काही शिकारी नमुन्यांत तो संथ असतो आणि त्यांत ५०० ग्रेनच्या गोळ्या अचूक जात नाहीत.

माशी आणि मागचा शिडी-साइट

रायफलीवर येणारे साधे साइट, म्हणजे नेम धरण्याचे साधन, काढून दस्त्याच्या मानेवर बसणारा उंच, सूक्ष्म मापनपट्टीचा साइट बसवावा आणि पुढे नळकांड्यात बसणारी, बदलता येणाऱ्या चकत्यांची माशी, म्हणजे पुढचा साइट, घ्यावी. यात काटकसर करायची असेल तर रायफलीत करावी, साइटमध्ये करू नये. मागचा साइट आणि पुढची माशी यांच्यातले अंतर ३४ इंच असेल तर साइट इंचाचा शंभरावा भाग उचलल्याने नेम एक मिनिट कोनाने, म्हणजे १०० यार्डांवर सुमारे एक इंचाने वर जातो. २०० मीटरवरून ५०० मीटरवर जाताना साइट पुष्कळ उचलावा लागतो, आणि प्रत्येक पल्ल्याचा आकडा वहीत लिहिलेला असावा लागतो.

पुढच्या माशीत पाण्याचा बुडबुडा असलेली लहानशी समतल नळी घ्यावीच. ५०० मीटरपर्यंत जाताना ही गोळी बारा मीटरच्या आसपास खाली येते. रायफल एक अंशाने जरी कलली तरी गोळी सुमारे वीस सेंटिमीटर बाजूला जाते, आणि नेमबाज मात्र वाऱ्याला दोष देत राहतो.

काडतूस भरणे

काळी दारू प्रमाणित उत्पादकाचीच घ्यावी. ती घरी बनवण्याचा विचारही करू नये. दाण्यांच्या आकारानुसार तिच्या प्रती असतात, आणि ४५-७० साठी दोन-एफ किंवा स्विस दारूची दीड-एफ ही जाडसर प्रत वापरली जाते. दारू मूळ डब्यातच, थंड आणि कोरड्या जागी, मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. घरात किती साठवता येते याचा स्थानिक अग्निशमन नियम आधी विचारावा. काम करताना जवळ ज्योत, सिगारेट किंवा तापलेली शेगडी नसावी आणि टेबलावर एका वेळी एकच डबा उघडा असावा. काळी दारू ठिणगीने पेटते. तिच्यासाठी बनवलेले माप सोडून इतर मापयंत्र वापरू नये.

एक नियम मोडल्यास जीव जाऊ शकतो: काळ्या दारूच्या जागी धूररहित दारू कधीही घालू नये. दोन्हींची मापे एकमेकांना लागू पडत नाहीत, आणि तेवढ्याच आकारमानाची धूररहित दारू रायफल फोडू शकते. दुकानात मिळणाऱ्या ४५-७० च्या काही आधुनिक काडतुसांचा दाबही इतका असतो की ती जुन्या स्प्रिंगफील्डमध्ये घालणे धोक्याचे आहे. डब्यावरील सूचना आणि आपल्या रायफलीच्या निर्मात्याने दिलेली मर्यादा, या दोन्ही वाचाव्यात. भराईची मापे प्रमाणित पुस्तकांतून किंवा दारू-उत्पादकाच्या तक्त्यांतूनच घ्यावीत.

पुंगळी स्वच्छ करून, मापात आणून, प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी तळातली टोपी, बसवल्यावर दारू तोलून घ्यावी आणि सुमारे दोन फूट लांबीच्या नळीतून हळूहळू पुंगळीत सोडावी. उंचीवरून पडताना दाणे एकमेकांत घट्ट बसतात आणि त्याच जागेत अधिक दारू मावते. तिच्यावर वनस्पती-तंतूंची किंवा जाड पुठ्ठ्याची पातळ चकती ठेवावी. चकती गोळीच्या मऊ तळाला ज्वाळेपासून वाचवते. त्यानंतर दाबण्याच्या खास डायने दारूचा थर ठरवलेल्या खोलीपर्यंत दाबावा. गोळीनेच दारू दाबू नये, कारण मऊ शिशाची गोळी वाकते. स्विस दारूला कमी दाब पुरतो, इतर काहींना जास्त लागतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दारू, चकती आणि गोळी यांच्यामध्ये कोठेही पोकळी राहता कामा नये. धूररहित दारूने अर्धी भरलेली पुंगळी चालते, पण काळ्या दारूत अशी पोकळी राहिली तर नळी फुगल्याची उदाहरणे आहेत.

ग्रेनच्या दशांशापर्यंत तोलण्याचा आग्रह काहीजण धरतात. त्यापेक्षा प्रत्येक काडतुसात दाब सारखा आहे की नाही, याकडे मी अधिक लक्ष देईन. पन्नास काडतुसे एका बैठकीत, एकाच डब्यातल्या दारूने भरावीत आणि डब्यावरचा लॉट क्रमांक लिहून ठेवावा. लॉट बदलला की साइटचे आकडेही थोडे सरकतात.

गोळी साधारण वीस भाग शिसे आणि एक भाग कथील या मिश्रधातूची ओततात. शुद्ध शिसे फार मऊ असते, आणि आधुनिक पिस्तुलांसाठीचा कडक मिश्रधातू काळ्या दारूच्या धक्क्याने पसरून आट्यांत नीट बसत नाही. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, ओतायला त्याहून बरेच गरम, साधारण ३७० ते ४०० अंश लागते. ओतकाम घराबाहेर किंवा खूप मोकळ्या हवेत करावे. चष्मा, लांब बाह्या, चामड्याचे हातमोजे आणि बंद बूट घालावेत. वितळलेल्या शिशात पाण्याचा एक थेंब पडला तरी वाफ होऊन शिसे चहूकडे उडते. ओला साचा, ओला चमचा, भर पावसातले ओतकाम, सगळे निषिद्ध. तेथे खाणेपिणे करू नये, काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत, ते कपडे वेगळे धुवावेत आणि लहान मुले किंवा गर्भवती स्त्री घरात असेल तर शिशाची धूळ घरात येऊच देऊ नये. नियमित ओतकाम करणाऱ्याने वर्षातून एकदा रक्तातील शिशाचे प्रमाण तपासून घ्यावे. पहिल्या वर्षी तयार गोळ्या विकत घेऊन ओतकाम पुढच्या वर्षावर टाकणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

गोळीच्या खाचांत मधमाश्यांचे मेण आणि प्राणिज किंवा वनस्पतिज चरबी यांचे वंगण भरतात. खनिज तेलापासून बनलेली वंगणे काळ्या दारूबरोबर वापरू नयेत. ती काजळीत मिसळून डांबरासारखा चिकट थर करतात. वंगणाचे काम नळी गुळगुळीत ठेवण्यापुरते नसते. मागे राहणारी काजळी मऊ ठेवणे, हे त्याचे मोठे काम आहे.

रेंजवर : काजळीची शिस्त

पहिली गोळी बहुधा छान जाते, तिसरी-चौथीपर्यंत ठीक असते, आणि मग एकाएकी गोळ्या पसरू लागतात. असे का होते, ते समजून घ्यावे. नळीतला काजळीचा थर वाळून कडक होतो, नंतरची गोळी त्यावरून घासत जाते, तिचा पृष्ठभाग खरवडला जातो आणि आट्यांत तिची पकड बदलते. नळीच्या शेवटच्या सहा-आठ इंचांत हे प्रथम घडते, कारण तिथे पोहोचेपर्यंत वंगण संपलेले असते. गोळी चालवल्यावर नळीच्या तोंडाशी वंगणाच्या रेषांचा ओलसर तारा उमटलेला दिसला तर वंगण पुरेसे आहे. तोंड कोरडे आणि राखाडी असेल तर उपाय करावा.

उपाय दोन आहेत. पहिला म्हणजे फुंकनळी: तळ कापलेल्या पुंगळीला रबरी नळी जोडून ती पुंगळी रायफलीच्या कोठीत बसवतात आणि नळीतून सावकाश, खोल श्वास सोडतात. श्वासातील बाष्पाने काजळी मऊ होते. दमट दिवशी दोन-तीन श्वास पुरतात, कोलोरॅडो किंवा न्यू मेक्सिकोच्या कोरड्या उन्हात सहा-आठ लागतात. ही क्रिया रायफल उघडी, रिकामी आणि तोंड लक्ष्याकडे असतानाच करावी. काही रेंजवर तिच्याबद्दल वेगळे नियम असतात, ते आधी विचारावेत. दुसरा उपाय म्हणजे प्रत्येक गोळीनंतर ओलसर कापडाचा तुकडा गजाने नळीतून फिरवणे आणि त्यामागे एक कोरडा. पुसण्याने निकाल सर्वांत एकसारखा येतो, पण वेळ लागतो. फुंकनळी वेगवान आहे, परंतु हवामान बदलले की श्वासांची संख्या बदलावी लागते.

नवशिक्याने पुसण्यापासून सुरुवात करावी, असा माझा आग्रह आहे. प्रत्येक गोळी एकाच अवस्थेतल्या नळीतून गेली, की गोळ्या कशामुळे पसरतात हे ओळखता येते. काजळीचा प्रश्न असा बाजूला काढल्यावर दारूचे माप, गोळीचा आकार, चकतीची जाडी हे एकेक करून तपासता येते. जो पहिल्याच महिन्यात हे सगळे एकदम बदलतो, त्याला वर्षभरानंतरही आपल्या रायफलीबद्दल काही ठाम सांगता येत नाही. पुसून चांगले गट, म्हणजे कागदावर एकमेकींजवळ लागलेल्या गोळ्या, यायला लागले की मग फुंकनळी घ्यावी आणि तिच्याने तेच गट मिळेपर्यंत श्वासांची संख्या बदलत जावी. कापडाच्या ओलसरपणाकडेही बारकाईने पाहावे. फार ओले कापड कोठीत पाणी सोडते आणि पुढचे काडतूस ओल्या कोठीत जाते. म्हणून नळी पुसल्यावर कोठी बोटाएवढ्या कोरड्या कापडाने वेगळी पुसून घ्यावी.

सुरुवात १०० यार्डांवर, कागदावर, बाकाच्या आधाराने करावी. काठ्यांवर नळी टेकवताना प्रत्येक वेळी नळीची तीच जागा टेकवावी, हवी तर तिथे खुणेची चिकटपट्टी लावावी, कारण टेकण्याची जागा बदलली की नेमाची उंची बदलते. उंच साइटमुळे मान ताठ आणि डोके वर ठेवावे लागते. आधुनिक रायफलीसारखा गाल दस्त्याला दाबण्याचा प्रयत्न करू नये. शार्प्सवर बहुधा दोन चाप असतात: मागचा ओढून ‘तयार’ केल्यावर पुढचा अगदी हलक्या स्पर्शाने सुटतो. रायफल लक्ष्याकडे रोखून नेम जुळल्याशिवाय मागचा चाप ओढू नये.

कानांसाठी आणि डोळ्यांसाठी संरक्षण नेहमी असावे. चाप ओढूनही गोळी सुटली नाही तर रायफल लक्ष्याकडेच रोखून किमान अर्धा मिनिट, आणि रेंजचा नियम अधिक सांगत असेल तर तेवढा वेळ थांबावे, कारण काळ्या दारूत उशिरा पेट घेण्याचा प्रकार घडतो. आवाज किंवा धक्का नेहमीपेक्षा कमी वाटला तर दुसरे काडतूस घालण्यापूर्वी नळीतून पलीकडचा उजेड दिसतो का ते पाहावे.

वारा आणि वही

ही गोळी ५०० मीटरवर पोहोचायला दीड सेकंदाहून अधिक वेळ घेते. ताशी सोळा किलोमीटरचा आडवा वारा तिला मीटरभर ढकलतो आणि तेवढ्यात मेंढा संपूर्ण चुकतो. वारा झेंड्यांवरून, गवतावरून आणि दुर्बिणीतून दिसणाऱ्या हवेच्या थरथरण्यावरून वाचतात. दुर्बीण लक्ष्याच्या थोडी अलीकडे जुळवली की ही थरथर वाहताना दिसते. वाचायला शिकेपर्यंत एकच वारा निवडावा आणि तो परत येईपर्यंत थांबून गोळी चालवावी.

वहीत पल्ला, साइटची उंची, आडवी दुरुस्ती, तापमान, उजेड कोणत्या बाजूने होता, दारूचा लॉट, आणि किती श्वास किंवा किती पुसण्या, हे प्रत्येक वेळी लिहावे. उजेडाची दिशा नवशिके बहुतेक सोडून देतात, पण ऊन ढगाआड गेल्यावर माशीच्या छिद्रातून लक्ष्य वेगळे दिसते आणि नेम सरकतो.

त्याच दिवशी सफाई

काजळीतले क्षार हवेतली ओल ओढतात आणि पोलादाला गंज चढवतात. सफाई दुसऱ्या दिवसावर टाकू नये. हे क्षार पाण्यात विरघळतात, तेलात विरघळत नाहीत. म्हणून आधी पाणी आणि मग तेल हा क्रम ठेवावा. साबणाच्या कोमट पाण्याने किंवा पाण्यात मिसळणारे तेल सात भाग पाण्यात घालून केलेल्या मिश्रणाने नळी पुसावी, कापड स्वच्छ निघेपर्यंत पुसत राहावे, नंतर नळी कोरडी करावी आणि पातळ तेलाचा हात फिरवावा. पुसताना गज कोठीच्या बाजूने घालावा आणि नळीच्या तोंडाच्या कडा घासू देऊ नयेत. शार्प्सचा खाली सरकणारा ठोकळा काढून त्याच्या खोबणीतली काजळीही पुसावी, नाहीतर पुढच्या सामन्यात तो अडकतो. दुसऱ्या दिवशी नळीतून एक कोरडे कापड फिरवून पाहावे. त्यावर तांबूस डाग आला तर पुन्हा पाणी, पुन्हा तेल.

पुंगळ्यांचे जुने प्रायमर काढून त्या रेंजवरच साबणाच्या पाण्याच्या डब्यात टाकाव्यात. घरी येईपर्यंत बरीच काजळी सुटलेली असते. पितळाची नीट काळजी घेतली, त्याची तोंडे अधूनमधून तापवून मऊ केली, तर एक पुंगळी अनेक वर्षे चालते.

पहिला सामना

१०० यार्डांवर पुसण्याच्या पद्धतीने दहा गोळ्यांचा गट सातत्याने चार इंचांच्या आत येऊ लागला, की सामन्याला नाव नोंदवावे. त्याआधी २००, ३००, ३८५ आणि ५०० मीटरचे साइटचे आकडे प्रत्यक्ष गोळ्या चालवून मिळवलेले असावेत; गणिताने काढलेला आकडा सुरुवातीचा अंदाज म्हणून ठीक असतो. पहिल्या सामन्यात कोंबड्या फार कमी पडतील. कोंबडीवरची गोळी निराधार उभे राहून चालवायची असल्याने तीच सगळ्यांना अवघड जाते, त्यामुळे घरी रिकाम्या रायफलीने, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून, रोज दहा मिनिटे उभ्याने नेम धरण्याचा सराव करावा. बसून मारायच्या मेंढ्यांवर नवशिक्यालाही यश मिळते. सामन्याला येताना भरलेली काडतुसे गरजेपेक्षा वीस जास्त, पाण्याची बाटली, कोरड्या आणि ओलसर कापडांचे वेगवेगळे डबे, अतिरिक्त फुंकनळी आणि वही एवढे सोबत असावे. निरीक्षकाशी आधीच ठरवून घ्यावे की तो गोळी लागलेली जागा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे सांगेल, म्हणजे ‘तीन वाजता, अर्धी आकृती बाहेर’ असे ऐकताच साइटवर कोणत्या बाजूला किती घरे जायचे ते लगेच कळते आणि वारा बदलण्यापूर्वी पुढची गोळी सुटते.